हात कोणाचा?

गेल्या वर्षी आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात, संध्याकाळची मिस्सा आटोपून आम्ही धर्मगुरुनिवासाच्या पायऱ्या चढत असता, धर्मग्रामातील एक तरुण काखेत गिटार घेऊन दाराशी उभा असलेला दिसला. नाताळच्या गायनाची तालीम जवळ आली होती. त्याच संदर्भात काही असेल असे वाटून आम्ही त्याला आत घेतले. गिटार त्याने टेबलावर ठेवली, आणि आम्ही ती हाती घेण्यापूर्वीच म्हणाला, "फादर, पापनिवेदन नाही, पण तसंच काहीसं समजा."

हा मुलगा सुताराचा. आमच्या चर्चमधील बाके, वाचनपीठ आणि पापनिवेदनाची खोली त्याच्या वडिलांच्या हातची आहेत. मुलगा आयटीआय करून औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात आठ वर्षे सीएनसी यंत्रावर पोलादाचे सुटे भाग कापीत होता. पुढे त्याने नोकरी सोडली, भाड्याने एक गाळा घेतला, पतपेढीचे कर्ज काढून लाकूड कोरणारे तसलेच एक लहान यंत्र आणले आणि गिटारी करू लागला. टेबलावर होती ती सातवी. पाठ शिसवीची, पुढची तबली विलायती स्प्रूसची, सगळी जोडणी अशी की नखाला फट लागू नये.

"गिऱ्हाईक पुण्याचं आहे, फादर. आत लेबल लावायचं आहे. 'हाताने घडवलेली' असं लिहू का?"

"तूच घडवलीस ना? मग लिही की."

"पप्पा म्हणतात, तू नाही, यंत्राने घडवली."

आम्हांला हसू आले, आणि लगेच सेमिनरीतले दिवस आठवले. संत थॉमस अक्वायनस यांनी संस्कारांची चर्चा करताना मुख्य कारण आणि साधन-कारण यांतील भेद समजावण्यासाठी सुताराचाच दाखला घेतला आहे. कुऱ्हाड लाकूड तोडते ती स्वतःच्या धारेच्या बळावर. पण त्या तोडण्यातून पलंग घडतो तो सुताराच्या कलेमुळे. म्हणून तयार झालेला पलंग कुऱ्हाडीसारखा दिसत नाही, तो सुताराच्या मनात आधी असलेल्या पलंगासारखा दिसतो. आम्ही त्या मुलाला हे ऐकवले. तुझे यंत्र म्हणजे तुझी कुऱ्हाड, वडिलांचा रंधा म्हणजे त्यांची कुऱ्हाड, दोहोंत जातीचा फरक नाही. नि:शंक मनाने लेबल लाव. तो समाधानाने गेला. आमचेही समाधान झाले. इतक्या वर्षांनी सेमिनरीतील एक धडा असा थेट उपयोगी पडल्याचा आनंद काही औरच असतो, हे आमचे धर्मगुरू बांधव मान्य करतील.

रविवारी वडील भेटले. बहात्तर वर्षांचे गृहस्थ, एकेकाळी गायकवृंदात व्हायोलिन वाजवीत. अलीकडे हाताला कंप आहे, त्यामुळे रंधा सुटला आणि व्हायोलिनही सुटले. मिस्सा संपून माणसे पांगेपर्यंत ते मागच्या बाकावर बसून राहिले.

"फादर, यंत्र म्हणजे रंधाच, असं तुम्ही पोराला सांगितलंत म्हणे."

"हो. तुम्हांला पटलं नाही का?"

"मी शिकलेला नाही. पण रंधा मारताना लाकूड मला उलट बोलतं. उलट्या नसेवर गेलो की रंधा अडखळतो, हाताला कळतं, मी फळी फिरवून घेतो. याच्या यंत्राला लाकूड काय बोलतं, तेवढं मला सांगा."

आम्हांला सांगता आले नाही. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले होते. वडिलांचा प्रश्न निराळा होता आणि तो आमच्या ध्यानातच आला नव्हता. शिवाय, ज्या यंत्राविषयी आम्ही इतक्या अधिकाराने बोललो ते आम्ही पाहिलेसुद्धा नव्हते. नाताळची धांदल संपताच, जानेवारीत एक अख्खा दिवस काढून आम्ही त्या गाळ्यात जाऊन बसलो.

वसई, पालघर, भोसरीकडच्या कामगार कुटुंबांना सीएनसी हा शब्द नवा नाही. तरी इतरांसाठी थोडे सांगावे लागेल. एका चौकटीत वेगाने फिरणारे कापणीचे पाते बसवलेले असते. ते डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन दिशांनी सरकते. कोठून कोठे, किती खोल, किती वेगाने सरकायचे, ते आकड्यांच्या भाषेत आधी लिहून ठेवलेले असते आणि संगणक ते आकडे वाचून पात्याला हलवतो. या कल्पनेचा जन्म वाद्यांसाठी झाला नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स या कारखानदाराने हेलिकॉप्टरची पाती आणि विमानाच्या पंखांचे भाग अचूक कापण्यासाठी ती मांडली, १९४९ मध्ये तेथील हवाईदलाने त्या कामाला पैसा दिला, आणि १९५२ मध्ये एमआयटी या संस्थेने भोके पाडलेल्या कागदी फितीवर चालणारे पहिले यंत्र लोकांपुढे चालवून दाखवले. युद्धसामग्रीसाठी शोधलेली विद्या चाळीस वर्षांत गिटारीपर्यंत आली. नांगराचा फाळ व्हायला तलवारीला याहून अधिक काळ लागत असे!

त्या सकाळी मुलगा पडद्यांच्या पट्टीवर खाचा पाडीत होता. सतारीला असतात तसे गिटारीलाही धातूचे पडदे असतात, पण सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारीचे येत नाहीत. खाच एकदा पडली की पडली. तारेची लांबी ६५० मिलिमीटर धरली, तर पहिला पडदा वरच्या टोकापासून ३६.४८ मिलिमीटरवर यावा लागतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२५ वर. मधल्या प्रत्येक पडद्याला उरलेली लांबी दोनाच्या बाराव्या मुळाने, म्हणजे सुमारे १.०५९४६ ने, भागावी लागते. पूर्वी कारागीर सोपा हिशेब करीत: उरलेल्या लांबीचा अठरावा भाग. व्हिन्चेंझो गालिलेई यांनी १५८१ मधील आपल्या ग्रंथात ल्यूट या वाद्यासाठी हाच हिशेब सुचवला होता. हे गृहस्थ गॅलिलिओचे वडील. (त्यांच्या मुलामुळे चर्चला जो मनस्ताप झाला आणि चर्चमुळे त्याला जो झाला, तो येथे सांगत बसत नाही.) अठराव्या भागाने पहिला पडदा ३६.११ वर येतो. फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी. पण तशी तफावत पडद्यागणिक साठत जाते आणि जाणत्या कानाला खटकते. आमच्या तरुणपणी कलकत्त्याहून येणाऱ्या स्वस्त गिटारी ज्यांनी वाजवल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. खालच्या सुरांत लावलेली गिटार वर गेली की बेसूर होई, आणि आम्ही बिचाऱ्या गायकवृंदाला दोष देत असू.

यंत्राने त्या सर्व खाचा आमच्या डोळ्यांदेखत काही मिनिटांत पाडल्या. मुलाने मोजपट्टी लावून दाखवली. आमच्या मनात आले, या कामात माणसाने स्वतःचे असे काय ओतावे? येथे भावनेला जागा नाही, कल्पनेला नाही. येथे बरोबर आणि चूक एवढेच आहे. हातकरवतीने खाच पाडताना कारागीर जे ओततो तो घाम, आणि त्याचा डोळा जरा ढळला तर वाजवणाऱ्याने आयुष्यभर सोसायची शिक्षा. हे ओझे यंत्राकडे गेले तर कोणाचे काय हरपले? त्या क्षणी तरी आम्ही पूर्णपणे मुलाच्या बाजूचे झालो.

दुपारी मात्र तबलीचे काम निघाले, आणि वडिलांचा प्रश्न पुन्हा समोर येऊन उभा राहिला.

गिटारीचा आवाज मुख्यतः पुढच्या तबलीतून येतो. स्पेनमधील अल्मेरियाचा कारागीर आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) याच्याकडून आजच्या शास्त्रीय गिटारीने आपला आकार घेतला. हाही मुळात सुतारकीच शिकलेला. तबलीचे महत्त्व सिद्ध करण्यासाठी त्याने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदी पुठ्ठ्याच्या असलेली गिटार केली. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तबली साधारण दोन ते अडीच मिलिमीटर जाडीची. जाड राहिली तर वाद्य मुके होते, फार पातळ झाली तर आवाज उथळ होतो आणि कधी तारांच्या ताणाने तबलीच बसते. मग दोन पूर्णांक तीन दशांश असा आकडा यंत्राला देऊन मोकळे का होऊ नये? कारण एकाच झाडाच्या दोन फळ्यासुद्धा सारख्या नसतात. एक कठीण, एक लवचीक. एक हलकी, एक भारी. तोच आकडा एकीला न्याय देतो आणि दुसरीवर अन्याय करतो.

तोरेसच्या उतारवयात हुआन मार्तिनेस सिर्वेंत हे त्याचे स्नेही होते आणि कामात त्याला मदतही करीत. त्यांनी, म्हणजे एका धर्मगुरूने, १९३१ साली लिहिलेल्या पत्रात एक आठवण नोंदवली आहे. तोरेसला कोणी तरी त्याच्या गिटारीचे गुपित विचारले. त्याने सांगितले की ते मागे ठेवून जाणे त्याला शक्य नाही, ते त्याच्याबरोबर कबरीत जाईल. कारण तबली हवी तशी उतरली आहे की नाही हे त्याचा अंगठा आणि तर्जनी त्याच्या बुद्धीला सांगतात. म्हणजे वडिलांचेच म्हणणे. लाकूड उलट बोलते.

यासाठी स्पेनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्या मिरजेत शिकलगारांच्या घराण्यांनी शस्त्रांचे काम सोडून सतार-तंबोरे घडवण्यास आरंभ केल्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो ती कशी? घोडीचा माथा कानशीने किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा किंचित घासायचे. किती घासायचे याचा आकडा नाही. आवाज उघडला की थांबायचे. एक फेरी जास्त झाली तर गेली जवारी.

मुलगा तबलीचे काय करतो ते आम्ही पाहिले. यंत्राकडून ती तीन मिलिमीटरपर्यंत आणतो आणि तेथे यंत्र थांबवतो. मग कडेला धरून बोटाच्या पेराने ठोकतो, ऐकतो, वाकवून पाहतो, हातरंध्याने एक-दोन ढलप्या काढतो, पुन्हा ठोकतो. त्या दिवशी चार तबल्यांतली एक त्याने बाजूला ठेवली. आम्हांला चारही सारख्याच वाटल्या. "ही बोलत नाही, फादर," एवढेच तो म्हणाला. वडिलांचा शब्द आपण वापरला हे त्याच्या लक्षात आले नसावे.

मग वडिलांची तक्रार कशाबद्दल? आणि आम्ही दिलेला कुऱ्हाडीचा दाखला बरोबर की चूक? यावर आम्ही बराच विचार केला. दाखला चूक नव्हता. आम्ही तो अर्धाच वाचला होता. कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव सुताराच्या मनगटातून निघतो. घाव आणि घाव यांमध्ये त्याला थांबता येते, वळता येते. यंत्राला हुकूम एकदाच दिला जातो आणि मग मालक चहा प्यायला गेला तरी ते चालतच राहते. या अर्थाने ते कुऱ्हाडीपेक्षा अत्यंत आज्ञाधारक नोकरासारखे अधिक आहे. असा नोकर जो मालकाची चूकही तितक्याच निष्ठेने अमलात आणतो. मागच्या ऑगस्टमध्ये हेच घडले होते, मुलानेच सांगितले. पावसाळी हवेने दांडीचे लाकूड फुगले होते. आकडे मार्चचे होते. यंत्राने बिनचूक खाच कापली आणि सांधा बसेना. त्याने घाईने ठोकून बसवला, आणि शिसवीची बाजू उभी चिरली. रंधा असता तर पहिल्याच हाताला कुरकुरला असता.

शिसवीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगतो. हाताच्या कामाचे गोडवे गाणारे आपण बरेचदा लाकडाचा विचार करीत नाही. दक्षिणेच्या जंगलातील ही शिसव साऱ्या जगातील गिटार कारागीर वापरतात. शिसवीच्या जातीची झाडे जगभर इतकी तोडली गेली की त्यांच्या सर्व जातींचा व्यापार २०१७ च्या जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रित झाला; तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ मध्ये. ज्या झाडाला वाढायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या लागल्या, त्याची फळी माझ्या हाताच्या अभिमानापायी वाया गेली तर तो अभिमान निष्पाप म्हणता येईल का? चिरलेल्या बाजूची गोष्ट सांगताना मुलाचे डोळे पाणावले होते. पैशांपेक्षा लाकडासाठी, असे आम्हांला वाटले.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर शिकवणारे डेव्हिड पाय यांनी १९६८ मध्ये कारागिरीवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांनी कामाची विभागणी हात आणि यंत्र अशी केलीच नाही. जोखमीचे काम आणि निश्चितीचे काम अशी केली. ज्या कामात शेवटच्या क्षणापर्यंत वस्तू बिघडण्याची शक्यता कारागिराच्या दक्षतेवर अवलंबून असते ते जोखमीचे. ज्यात निकाल आधीच ठरून गेलेला असतो ते निश्चितीचे. आणि जोखमीचे काम करणारा प्रत्येक कारागीरही साचे, खुणा, टेकू लावून जोखीम सतत कमी करीत आलेला आहे. स्पॅनिश गिटारवाले साच्याच्या पाटावरच वाद्य जुळवीत आले. आमच्या या वडिलांनी तरी काय केले? तीस वर्षे विजेची गोल करवत वापरली. डाव्या तर्जनीचे पेर तिलाच वाहिले. मुलाने हे एकदा बोलून दाखवले होते: "पप्पा, तुमचं कटर चालतं, माझं यंत्र का चालत नाही?" त्या दिवसापासून घरात या विषयावर बोलणे बंद.

आता लेबलाकडे वळू. 'हाताने घडवलेली' या शब्दांना बाजारात किंमत आहे, गिऱ्हाईक त्यासाठी जास्त पैसे मोजते. तेव्हा प्रश्न फक्त तत्त्वज्ञानाचा राहत नाही, न्यायाचा होतो. विकणाऱ्याने वस्तूचा दोष लपवू नये, हे नीतिशास्त्र सर्वांना ठाऊक आहे. पण यंत्र वापरणे हा दोष नव्हे. मग सांगायचे काय? आम्ही मुलाला एवढेच विचारले, "गिऱ्हाईक गाळ्यावर येतं तेव्हा यंत्र चालू असतं का?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "पुण्याचा माणूस आला तेव्हा मी यंत्रावर ताडपत्री टाकली होती, फादर. रंधा आणि पटाश्या मांडून ठेवल्या होत्या."

त्या ताडपत्रीमुळे आम्हांला आमचा आगमनकाळातील निवाडा मागे घ्यावा लागला. ज्याची लाज वाटत नाही ते कोणी झाकत नाही. आणि ज्याची लाज वाटण्याचे कारण नाही ते झाकले, तर झाकण्यानेच ते लाजिरवाणे होते. सत्य सांगितल्याने गिटारीची किंमत कमी होत असेल, तर तेवढी रक्कम गिटारीची नव्हतीच, ती गिऱ्हाइकाच्या गैरसमजाची होती.

आणखीही एक गोष्ट त्याने आपण होऊन सांगितली. पहिल्या पाच गिटारी त्याने परदेशातून विकत घेतलेल्या तयार आराखड्यावर केल्या होत्या. दांडीचा गोलवा, पेटीची कंबर, घोडी, सगळे आकडे दुसऱ्या कोणाचे. सहावीपासून आकडे त्याचे. यंत्र तेच, लाकूड तेच, पाते तेच. तरीही अक्वायनसच्या दृष्टीने पहिल्या पाच आणि नंतरच्या दोन यांत केवढे अंतर! पलंग कोणाच्या मनातल्या पलंगासारखा दिसतो, हा खरा प्रश्न. हाताने, रंध्याने, रात्री जागून दुसऱ्याच्या आराखड्याची नक्कल करणारा आणि यंत्रावर स्वतःच्या कानाने शोधलेला आकार कापणारा, यांपैकी कोणाची गिटार अधिक त्याची स्वतःची? आम्ही दुसऱ्याच्या बाजूने कौल देऊ. वडील देणार नाहीत, आणि त्यांचे काही चुकते असेही आम्हांला म्हणवत नाही.

मोठ्या कारखान्यांनी हा प्रश्न केव्हाच मागे टाकला. कॅलिफोर्नियात १९७४ मध्ये तरुण मित्रांनी सुरू केलेली टेलर ही कंपनी गिटारीसाठी ही संगणकी यंत्रे वापरणाऱ्या पहिल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. तिने यंत्राचा उपयोग करून दांडीचा सांधा असा काढला की पुढेमागे वाद्य दुरुस्तीला आले तर दांडी सहज उतरवून कोन सुधारता यावा. तिथे यंत्र केवळ वेग देण्यासाठी राबले नाही; वाद्याचे आयुष्य वाढावे म्हणून राबले. २०२१ मध्ये त्या कंपनीची मालकी संपूर्णपणे कामगारांकडे आली, हेही आमच्या वाचकांना आवडेल. पण मोठ्या कारखान्यात आराखडा काढणारा एक, यंत्र चालवणारा दुसरा, तबली ठोकणारा तिसरा. लहान गाळ्यात ही तिन्ही कामे एकाच माणसाची असतात. तेथे यंत्र आले की त्या एकाच माणसाच्या दिवसातून काही तास सुटतात. आणि त्या सुटलेल्या तासांचे तो काय करतो, यावर पुष्कळ अवलंबून असते.

आणि कोणाचे तास सुटतात, यावरही. हे लिहिताना आमची लेखणी अडखळते आहे. वडिलांच्या हाताखाली वीस वर्षे काम केलेला एक मदतनीस या गाळ्यात खाचा पाडणे, दांड्या तासणे, पॉलिशपेपर मारणे ही कामे करीत असे. यंत्र आल्यावर त्याला अर्धा दिवसही काम उरले नाही. कोणी त्याला काढले नाही. त्यानेच येणे कमी केले आणि मग बंद केले. आज तो विरारच्या एका गृहसंकुलात सुरक्षारक्षक आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात तंत्रज्ञान हा श्रमिकाचा सोबती असल्याचे मान्य केले आणि तोच सोबती कामातील समाधान हिरावून घेऊ लागला, माणसाची रोजी घालवू लागला, तर जवळजवळ वैरी बनतो, असाही इशारा दिला. आम्ही त्या मदतनीसाला भेटलो. पगार आता नियमित मिळतो, सावलीत खुर्ची आहे, त्याची तक्रार नाही. फक्त त्याने हात पुढे करून दाखवले आणि म्हणाला, "मऊ झाले, फादर." यावर काय बोलावे? आम्ही त्याच्याबरोबर चहा घेतला आणि परत आलो. मुलाने त्याला पुन्हा बोलवावे असे आम्ही सुचवले आहे. कर्जाचा हप्ता फिटेपर्यंत दोन पगार निघत नाहीत, हे त्याचे उत्तरही खोटे नाही.

राहता राहिला तो वडिलांचा प्रश्न, आणि आता तो आम्हांला समजू लागला आहे. ती तबली बोलत नाही, हे मुलाला कळले कसे? यंत्राने शिकवले नाही. लहानपणी शाळेतून आल्यावर वडिलांनी त्याच्याकडून फळ्या रंधून घेतल्या, उलट्या नसेवर गेला की टपली मारली. जे काम यंत्राने आता स्वतःकडे घेतले आहे, त्या कंटाळवाण्या, घामाच्या, चुकांच्या कामातूनच त्याच्या बोटांना कान फुटले. यंत्र त्याला पुरेसे होते, कारण तो यंत्राआधी घडला होता. त्याच्यानंतर येणारा पोरगा थेट पडद्यासमोर बसेल. तबली तीन मिलिमीटरवर आली की आता थांबायचे, हे त्याला कोण सांगेल? आकडे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात क्षणात जातात. तोरेसच्या अंगठ्यातले मात्र कोठेच गेले नाही. वडिलांना भीती वाटते ती याची. मुलाच्या गिटारीबद्दल त्यांना मनातून अभिमानच असावा.

तसा पुरावाही आहे. मुलगा तबल्या कधीमधी घरी नेतो आणि ओट्यावर वडिलांच्या खुर्चीशेजारी ठेवून आत हातपाय धुवायला जातो. एकमेकांशी ते त्याबद्दल बोलत नाहीत. पण कंप पावणारा हात तबलीवर पडतो, ठोकतो, आणि आतून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वडील स्वतःशीच म्हणतात, "अजून जाड आहे." व्हायोलिन वाजवलेला कान आहे तो. सिर्वेंत फादरांनी थरथरत्या कारागिराला हात दिला होता. येथे उलटेच चालले आहे, धडधाकट हाताला थरथरता हात ऐकवतो आहे.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला मुलाने फोन करून सर्व सांगितले. त्याने दोन दिवस विचार केला, किंमत थोडी पाडून मागितली आणि गिटार घेतली. आतल्या लेबलावर आता मुलाचे नाव, गावाचे नाव आणि वर्ष एवढेच आहे. सातवी गिटार गेली. आठवी आणि नववी चालू आहेत. यंत्रावरची ताडपत्री आता फक्त पावसाच्या गळतीसाठी वापरतात.

पाऊस सुरू होण्याच्या सुमारास मुलगा पुन्हा आला. धर्मग्रामातील दहावी झालेली दोन मुले शिकाऊ म्हणून हवी आहेत, सुचवाल का, म्हणून विचारायला. आम्ही दोन नावे दिली. वडिलांना ते कळले तेव्हा त्यांनी कित्येक महिन्यांनी प्रथमच गाळ्यात पाऊल टाकले आणि अट घातली: पोरांनी पहिले सहा महिने यंत्राला हात लावायचा नाही, रंधा आणि पटाशी, बस्स. सहा महिने पोरं टिकणार नाहीत, मुलगा म्हणतो, तीन पुरेत. वडील म्हणतात, तीन महिन्यांत रंध्याचं पातं परजायलासुद्धा येत नाही. दोघेही आता आम्हांला मध्ये घालू पाहत आहेत. एकदा घाईने निवाडा देऊन आम्ही शहाणे झालो असल्यामुळे, त्या दोघांनी समोरासमोर बसून ते ठरवावे, एवढेच आम्ही म्हटले आहे. हे लिहीपर्यंत मुलगा चार महिन्यांवर आला होता. वडील अजून सहावरच आहेत.